खूण आणि प्रश्न : दीर्घजीवी विज्ञानकथामालिकांतील स्मरणरंजन व नवकल्पना

१

दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालिकेकडे वाचक दोन परस्परविरुद्ध अपेक्षा घेऊन येतो. ओळखीची माणसे, ओळखीचे वातावरण आणि ओळखीचे बोल पुन्हा भेटावेत ही पहिली अपेक्षा. त्या भेटीत पूर्वी न अनुभवलेले काही हाती लागावे ही दुसरी. रहस्यकथेत वा साहसकथेत या दोन अपेक्षांचा मेळ बराच काळ बसू शकतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने किंवा काळ्या पहाडाने शेकडो पुस्तकांत तीच चतुराई दाखविली तरी त्यांच्या वाचकाची तक्रार नव्हती. किंबहुना तीच चतुराई पुन्हा पाहण्यासाठी तो पुस्तक उघडत असे. विज्ञानकथेत मात्र हा मेळ फार लवकर बिघडतो. त्याचे कारण या वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपातच आहे. डार्को सुविन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेचा गाभा म्हणून एका 'नवतत्त्वा'ची कल्पना मांडली. वाचकाच्या परिचित वास्तवात नसलेली, परंतु तर्काने पटणारी अशी एखादी गोष्ट कथेत येते आणि तिच्यामुळे त्या कथेतील संपूर्ण जग वेगळे होते, असा तिचा आशय आहे. हे नवतत्त्व दुसऱ्यांदा आले की ते नवे राहत नाही. म्हणजे ज्या वाङ्मयप्रकाराचा प्राणच नावीन्य आहे, त्याला मालिकेच्या साच्यात घातले की तो स्वतःच्याच भूतकाळाशी झगडू लागतो.

या झगड्याची चर्चा बहुधा स्मरणरंजन विरुद्ध नवकल्पना अशा द्वंद्वाच्या रूपात केली जाते. जुने हवे असणारा वाचक एका बाजूस, नवे मागणारा दुसऱ्या बाजूस, आणि दोघांच्या ओढाताणीत सापडलेला लेखक वा निर्माता मधोमध, असे चित्र रंगविले जाते. हे चित्र अपुरे आहे. जुने परत येते की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. मालिकेत ते येणारच. प्रश्न असा आहे की, जे परत येते ते कोणत्या नात्याने येते. ते 'खूण' म्हणून येते, की 'प्रश्न' म्हणून? खूण वाचकाला ओळख पटवून देते आणि तेथेच थांबते. प्रश्न मात्र जुन्याच गोष्टीकडे पुन्हा पाहावयास लावतो व पूर्वीचे उत्तर पुरेसे होते काय, याची शंका निर्माण करतो. या भेदाच्या आधारे काही पाश्चात्त्य व भारतीय मालिकांचा आणि विशेषतः मराठी विज्ञानकथेच्या आजच्या स्थितीचा विचार येथे करावयाचा आहे.

२

हा भेद मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. आपल्या परंपरेत पुनरावृत्तीवर उभे असलेले कलाप्रकार पुष्कळ आहेत. नारदीय कीर्तनात उत्तररंगातील आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते. सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे ऐकण्यासाठी कोणी देवळात जात नाही. जाणकार श्रोत्याचे लक्ष असते ते बुवांनी पूर्वरंगात कोणता विषय घेतला आणि त्याची सांगड आख्यानाशी कशी घातली, याकडे. तमाशातही गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला. पण बतावणीत गेल्या आठवड्यातील गावच्या भानगडीचा चिमटा नसेल तर फड रंगत नाही. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याचे प्रयोग दादा कोंडके करीत, तेव्हा त्यातील मोकळ्या जागा ताज्या राजकीय घडामोडींनी भरल्या जात, हे सर्वज्ञात आहे. येथे चौकट जुनी असते. तथापि ती आजच्या गोष्टी बोलण्याची सोय म्हणून जपलेली असते. ज्या दिवशी बतावणीही मागच्या पिढीचीच राहते, त्या दिवशी तमाशाचा केवळ नमुना उरतो.

अर्थात विज्ञानकथा म्हणजे कीर्तन नव्हे. आख्यानाला भूतकाळाचे, श्रद्धेचे अधिष्ठान असते. विज्ञानकथेचे अधिष्ठान भविष्यकाळात असते, आणि भविष्यकाळ फार लवकर शिळा होतो. खोलीभर आकाराचा संगणक, चंद्रावरील वसाहती, घरकाम करणारा पत्र्याचा यंत्रमानव ही एकेकाळची भविष्यचित्रे आज प्रेमळ हसूच निर्माण करतात. त्यामुळे विज्ञानकथेतील स्मरणरंजन हे इतर वाङ्मयातील स्मरणरंजनापेक्षा निराळे असते. वाचकाला येथे गेलेला काळ आठवत नाही. त्या काळी ज्याची वाट पाहिली, आणि जे आलेच नाही, ते भविष्य आठवते. ही भावना तुच्छ लेखण्यासारखी नाही. वयाच्या बाराव्या वर्षी वाटलेला विस्मय हा पुष्कळ वाचकांच्या वाङ्मयीन जीवनाचा आरंभबिंदू असतो. परंतु विस्मयाची आठवण आणि विस्मय यांत अंतर आहे. पहिलीने दुसऱ्याची जागा घेतली की मालिका जिवंत दिसते, पण विचार करीत नाही.

३

पाश्चात्त्य मालिकांतील काही उदाहरणे हा भेद स्पष्ट करण्यास उपयोगी पडतात. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटाची मालिका २०१५ मध्ये 'द फोर्स अवेकन्स' या भागाने नव्याने सुरू झाली. वाळवंटी ग्रहावर एकाकी वाढलेली व्यक्ती, छोट्या यंत्रमानवात दडविलेली गुप्त माहिती, ग्रहच्या ग्रह नष्ट करणारे महास्त्र आणि शेवटी त्याच्या मर्मस्थानावर केलेला हल्ला, अशी पहिल्या चित्रपटाची जवळजवळ सगळी रचना येथे पुन्हा मांडलेली आहे. प्रेक्षकांनी तिचे स्वागत केले, कारण प्रत्येक खूण ओळखीची होती. याउलट २०२२ साली त्याच कथाविश्वात आलेल्या 'अँडोर' या मालिकेत प्रकाशाच्या तलवारी नाहीत, गूढ शक्तीचे साधक नाहीत. सामान्य माणूस सत्तेविरुद्ध कधी आणि कशामुळे उभा राहतो, बंड चालविण्यासाठी लागणारा पैसा कोठून येतो, कारकुनी यंत्रणेतून जुलूम कसा घडतो, हे तिचे विषय आहेत. 'साम्राज्य' हा शब्द दोन्हीकडे आहे. २०१५ च्या चित्रपटात तो पोशाखावरून ओळखण्याची खूण आहे. २०२२ च्या मालिकेत तो प्रश्न झाला आहे.

१९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचे उदाहरण वेगळ्या अर्थाने उद्‌बोधक आहे. १९६६ मध्ये प्रमुख नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे काम करू शकेनात, तेव्हा नायक परग्रहवासी असल्याचा आधार घेऊन त्याचे शरीर व स्वभाव दोन्ही बदलतात, अशी कल्पना योजण्यात आली. व्यावहारिक अडचणीतून निघालेली ही युक्ती मालिकेचा नियम ठरली. १९८९ मध्ये खंडित झालेली मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू होऊ शकली, ती या नियमाच्या बळावर. येथे बदल हीच परंपरा आहे. मात्र असा नियमही खूण होऊ शकतो. नायक दर काही वर्षांनी बदलतो एवढेच उरले, आणि बदललेल्या नायकाला जग वेगळे दिसेनासे झाले, तर चेहरा नवा आणि कथा जुनी, अशी स्थिती येते.

वाङ्मयीन दृष्ट्या अधिक महत्त्वाचे उदाहरण आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेचे आहे. १९४२ पासून नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या कथा १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तकांच्या रूपाने एकत्र आल्या. प्रचंड लोकसमूहाचे भवितव्य गणिताने वर्तविता येते, या कल्पनेवर ही मालिका उभी आहे. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही गणिती योजना एकदा मोडून दाखवावी असा आग्रह धरला, आणि त्यातून १९४५ साली 'म्यूल' हे पात्र जन्मास आले. एकाच व्यक्तीमध्ये दुसऱ्यांच्या भावना वळविण्याची शक्ती उत्पन्न झाली तर समूहाचे गणित कोसळते. म्हणजे मालिकेच्या पायावरच मालिकेने घाव घातला. पुढे सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर, वाचकांच्या व प्रकाशकांच्या आग्रहामुळे, असिमोव्ह १९८२ मध्ये या मालिकेकडे परतले. हे पुनरागमन स्मरणरंजनाच्या मागणीतून घडले, हे उघड आहे. तरीही त्या कादंबरीत आपण ज्या योजनेवर विश्वास ठेवला ती योजना मुळात मानवजातीला हितकर आहे काय, हा प्रश्न नायकापुढे निवडीच्या रूपात उभा राहतो. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, मालिका कोणत्या प्रेरणेने पुन्हा सुरू झाली यावरून तिचे मूल्य ठरत नाही. बाजाराने बोलावलेला लेखकही प्रश्न घेऊन येऊ शकतो.

भारतीय भाषांत या संदर्भात सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शंकूचा विचार करावा लागतो. १९६१ मध्ये 'संदेश' या बालमासिकात अवतरलेला हा संशोधक राय यांच्या १९९२ मधील निधनापर्यंत त्यांच्यासोबत राहिला. गिरिडीहचे घर, न्यूटन नावाचे मांजर, प्रल्हाद हा नोकर, रोजनिशीची निवेदनपद्धती या खुणा पुन्हापुन्हा भेटतात. त्या भक्कम असल्यामुळेच राय शंकूला दर वेळी नव्या देशात, नव्या कोड्यापुढे नेऊ शकतात. या मालिकेत स्मरणरंजनाचे साहित्य भरपूर आहे, परंतु लेखक त्याला उंबरठ्यावर ठेवतो. आत जे घडते ते नव्या कल्पनेचे असते.

४

मराठीत अशा अर्थाने दीर्घजीवी विज्ञानकथामालिका निर्माण झाली नाही. नारायण धारप यांच्या 'समर्थ' कथांमध्ये तिची काही लक्षणे दिसतात. संकटात सापडलेली व्यक्ती, अप्पांचे निवेदन, समर्थांचे आगमन आणि अमानवी शक्तीचे निवारण हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. अतींद्रिय घटनांना मिती, ऊर्जा, लहरी अशा शास्त्रीय परिभाषेचा आधार देण्याकडे धारपांचा कल आहे. तथापि या कथांचे मुख्य प्रयोजन भय आणि भयमुक्ती हेच आहे. समर्थांचा पराभव झाला तर काय, असा प्रश्न त्या चौकटीला परवडणारा नाही.

मालिका, विज्ञान आणि स्मरणरंजन हे तिन्ही धागे जेथे एकत्र येतात असे मराठीतील नाव म्हणजे भा. रा. भागवत (१९१०-२००१). ज्यूल व्हर्नचे अद्भुत जग त्यांनी मराठी मुलांसाठी आणले. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', 'समुद्रसैतान' या पुस्तकांनी अनेक वाचकांना विज्ञानकथेची पहिली ओळख करून दिली. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास आलेला बनेश फेणे हा त्यांचा नायक विज्ञानकथेतील नसला, तरी त्याची वृत्ती व्हर्नच्या जगातीलच आहे. काहीतरी वेगळे दिसले की तपास करावयाचा, हातातील साधनाने युक्ती काढावयाची, मोठ्यांच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा नाही. १९८७ मध्ये सुमीत राघवन यांनी दूरदर्शनच्या मालिकेत ही भूमिका केली. २०१७ साली आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ यांनी ती वठविली.

या चित्रपटाचे उदाहरण आपल्या विवेचनाच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्यात 'ट्टॉक्' हा उद्गार आहे, वेग आहे, आणि खुद्द भागवत हे दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने पात्र म्हणून वावरतात. या सर्व खुणा होत. परंतु कथेचा विषय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार हा आहे. तो भागवतांच्या पुस्तकांतून उचललेला नाही. आजच्या विद्यार्थ्याच्या जगण्यातून घेतलेला आहे. त्यामुळे चित्रपटाच्या इतर गुणदोषांविषयी मतभेद असले तरी, नायकाला त्याच्या काळातून आजच्या काळात आणताना त्याच्यापुढे आजचा प्रश्न ठेवला पाहिजे, हे भान तेथे निश्चित दिसते.

मात्र तेच उदाहरण आणखी पुढे नेता येते. फुरसुंगी हे नाव मराठी वाचकांच्या मनात बनेशमुळे वसले. प्रत्यक्षातील फुरसुंगीचे नाव गेली अनेक वर्षे वृत्तपत्रांत येत राहिले ते उरुळी देवाची येथील कचरा डेपोच्या संदर्भात. पुण्याचा कचरा या दोन गावांच्या हद्दीत येऊन पडला आणि तेथील पाणी, हवा व आरोग्य यांसाठी ग्रामस्थांना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. बनेशच्या गावची आजची एखादी मुलगी विज्ञानकथेची नायिका झाली, तर तिच्या पहिल्या कथेचा विषय विहिरीतील पाण्याचा बदललेला रंग हा असेल. भागवतांची ती खरी वारसदार ठरेल. तिला सायकल दिली नाही तरी चालेल. तिची चौकस वृत्ती मात्र काढून घेता येणार नाही.

५

मराठी विज्ञानकथेला मालिका नाही, हे वर म्हटले. पण दुसऱ्या अर्थाने पाहिले तर गेल्या पन्नास वर्षांतील मराठी विज्ञानकथा स्वतःच एका लांबलेल्या मालिकेसारखी वागू लागली आहे. तिचा नायक एकच आहे. त्याचे नाव तेवढे कथेगणिक बदलते. तो पुण्यामुंबईत राहतो, संशोधनसंस्थेत काम करतो, परदेशी परिषदेला जाऊन येतो. त्याचा एक अनभिज्ञ मित्र असतो, आणि या मित्राला समजावून सांगण्याच्या निमित्ताने विज्ञान वाचकापर्यंत पोहोचते. शेवटी एक पत्र, एक दूरध्वनी वा वर्तमानपत्रातील एक बातमी येते आणि कथा कलाटणी घेते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी आपापल्या परीने हा साचा विस्तारला, प्रसंगी मोडलाही. परंतु दिवाळी अंकांतील सर्वसाधारण विज्ञानकथा अद्याप त्यातच वावरते. आज लिहिणाऱ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर कथा लिहिली तरी कृष्णविवराच्या जागी संगणकप्रणाली येते, एवढाच फरक पडतो. विषय नवा आणि कल्पना जुनी असे तिचे स्वरूप असते. विज्ञानातील ताजी बातमी म्हणजे साहित्यातील नवकल्पना नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

या संदर्भात जयंत नारळीकर यांचे स्मरण अपरिहार्य आहे, आणि ते कसे करावे हाच येथील कळीचा मुद्दा आहे. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे गौरवपूर्ण स्मरण होत राहील आणि ते व्हावयासही हवे. परंतु त्यांच्या कथा केवळ खुणा होऊन बसण्याचा धोकाही त्याच गौरवात आहे. म्हणून त्यांच्या लेखनाच्या आरंभाकडे लक्ष वेधणे आवश्यक ठरते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या स्पर्धेसाठी त्यांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, तेव्हा ते जागतिक कीर्तीचे शास्त्रज्ञ होते. तरीही त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून नारायण विनायक जगताप असे नाव धारण केले. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, कथेचा निवाडा कथेवरून व्हावा, हा त्यामागील हेतू होता. मालिकांचा सारा व्यवहार नावाच्या ओळखीवर चालतो. आधुनिक मराठी विज्ञानकथेच्या या प्रमुख प्रवर्तकाने पहिले पाऊल टाकले ते मात्र ओळख पुसून. त्यांच्या वारशाचा विचार करताना ही घटना केवळ रंजक आठवण म्हणून सांगितली जाते. ती एक वाङ्मयीन भूमिका आहे, असे मानले पाहिजे.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तर स्मरणरंजनाच्या प्रश्नाचेच उत्तर आहे. मराठी मनाच्या भूतकाळाविषयीच्या हळहळीचे सर्वांत मोठे स्थान पानिपत आहे. विश्वासराव पडले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न १७६१ पासून मराठी माणूस स्वतःला विचारीत आला आहे. ऐतिहासिक कादंबरीने आणि नाटकाने या हळहळीला रूप दिले, तिचे पोवाडे गायिले. नारळीकरांनी तीच हळहळ उचलली आणि तिला विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नेले. त्यांचा इतिहासकार नायक अशा जगात जाऊन पोहोचतो, जेथे गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. एका सूक्ष्म घटनेवर इतिहासाचे दोन मार्ग फुटतात, या कल्पनेला येथे आपत्तिसिद्धान्ताचा व पुंजभौतिकीतील अनिश्चिततेचा आधार दिलेला आहे. विशेष असे की, विजयाचे जग वाचकापुढे ठेवूनही कथा विजयोत्सव साजरा करीत नाही. नायक त्या जगातील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून अस्वस्थ होतो आणि न राहवून स्वतःच तिच्यावर जाऊन बसतो. अध्यक्ष व प्रास्ताविके यांचा कंटाळा आलेल्या त्या जगातील श्रोत्यांना त्याचा हा आगाऊपणा सहन होत नाही. हव्याहव्याशा वाटणाऱ्या भूतकाळातही माणूस उपराच ठरतो, हे त्या प्रसंगातून सूचित होते. स्मरणरंजनाची सर्व सामग्री घेऊन तिचे प्रश्नात रूपांतर कसे करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. 'वामन परत न आला' या कादंबरीत पुराणकथेचा उपयोगही असाच आहे. लुप्त संस्कृतीच्या ठेव्यातून घडविलेल्या यंत्रमानवाला वामनाचे नाव दिले की, याचकाच्या रूपाने आलेला पुढे किती पावले व्यापील, हा पुराणातील प्रश्न यंत्राविषयीचा प्रश्न होतो.

नारळीकरांच्या कथांतील पात्रे सपाट आहेत, भाषा अहवालासारखी आहे, हे आक्षेप वारंवार घेतले गेले असून त्यांत तथ्य आहे. खेदाची बाब अशी की अनुकरण करणाऱ्यांनी नेमके हेच उचलले. मित्राला समजावून सांगणारा शास्त्रज्ञ ही खूण त्यांनी घेतली. मराठी माणसाच्या जिव्हारीच्या एखाद्या स्मृतीला विज्ञानाच्या कसोटीवर घासण्याचे धाडस मागेच राहिले.

६

नवकल्पना कोठून येतात, या प्रश्नाचे एक उत्तर असे की त्या स्थळातून येतात. मराठी विज्ञानकथेचा भूगोल आश्चर्य वाटावे इतका आखूड आहे. अंतराळ तिला जवळचे वाटते आणि दक्षिण सोलापूर तालुका दूरचा. उदाहरणादाखल होटगी या गावाचा विचार करून पाहावा. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील या स्थानकातून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा निघतो. एकोणिसाव्या शतकात घातलेला हा फाटा एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मीटरगेज होता. रुळांची रुंदी वेगळी असल्याने मालाला आणि प्रवाशांना गाडी बदलावी लागे. मराठी आणि कन्नड येथे एकाच घरात बोलल्या जातात. तेलुगू आणि दखनी कानांवर पडत असतात. जुन्या शैव मठाची परंपरा, सिमेंटचा कारखाना आणि राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प ही सर्व या परिसराची लक्षणे आहेत. त्या प्रकल्पाचे दोन संच २०१७ व २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि त्याला लागणारे पाणी उजनी धरणातून जलवाहिनीने येते. तेही अशा जिल्ह्यात की जेथे उन्हाळ्यात सोलापूरकरांना नळाला पाणी येण्याचे दिवस मोजावे लागतात.

होटगी रस्त्यावरील विमानतळाची हकीकत तर आपल्या विषयाला थेट भिडणारी आहे. विमानांच्या मार्गात येते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी पाडावी की राखावी, हा वाद वर्षानुवर्षे चालला. एका बाजूस ऊस उत्पादक सभासदांनी उभी केलेली संस्था आणि तिच्यावर अवलंबून असलेली कुटुंबे, दुसऱ्या बाजूस शहराच्या भवितव्याची आकांक्षा. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली; जून २०२५ मध्ये गोव्याला जाणारी विमानसेवा सुरू झाली. चिमणी हे सहकाराच्या युगाने पाहिलेले भविष्य होते, विमान हे त्यानंतरच्या युगाने पाहिलेले. एका पिढीचे भविष्य दुसऱ्या पिढीच्या भविष्याला अडथळा होते तेव्हा कोणाचे पाडावयाचे, हे कोण ठरविणार? विज्ञानकथेला याहून योग्य विषय क्वचितच मिळेल. या परिसरात घडणाऱ्या कथामालिकेला दूरच्या आकाशगंगेची आवश्यकता नाही. पाण्याचा वाटा ठरविणारी यंत्रणा, तीन भाषा ऐकून चौथीत उत्तर देणारे यंत्र, राखेच्या ढिगावर वाढणारे पीक, एवढ्या सामग्रीतून दहा कथा निर्माण होऊ शकतात. शिवाय अशा मालिकेला भूतकाळ टाळताही येणार नाही. गाडी बदलावी लागण्याच्या त्या दिवसांची आठवण तिच्यात असेल. मात्र ती आठवण सुखद हळहळ म्हणून येणार नाही. अंतर तेच राहून प्रवास बदलतो तेव्हा माणसाचे काय बदलते, असे विचारीत येईल.

७

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचकाला विसावा मिळण्याचा अधिकार आहे. दिवसभर नव्याला तोंड देणाऱ्या माणसाने संध्याकाळी जुन्या सोबत्यांकडे जाऊ नये काय? जरूर जावे. रंजनाच्या गरजेला हलके लेखण्याचे कारण नाही. परंतु हा अधिकार जुनी पुस्तके पुन्हा वाचून पूर्णपणे बजावता येतो. त्यासाठी त्यांच्या नकला नव्याने लिहिण्याची आवश्यकता नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या भाषेत विज्ञानकथेचा वाचकवर्गच लहान आहे, तेथे ओळखीच्या खुणा टाकून दिल्या तर उरलेला वाचकही दुरावेल, असे म्हटले जाते. यावर असे सांगता येते की, खुणा टाकाव्यात असे येथे म्हटलेले नाही. गिरिडीहचे घर राहू द्यावे, फुरसुंगीचे नाव राहू द्यावे. पण मराठी वाचक जेव्हा विज्ञानकथेकडे प्रथम वळला, तेव्हा त्याला कोणतीच खूण ओळखीची नव्हती, हे विसरता कामा नये. व्हर्नचे धूमकेतूवरील प्रवासी आणि नारळीकरांचे कृष्णविवर ही त्याच्या दृष्टीने सर्वस्वी अनोळखी होती. तो आला तो अनोळखी गोष्टीच्या ओढीने. त्याच्या नातवंडांना ही ओढ असणार नाही, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

पदव्युत्तर वर्गात विज्ञानसाहित्य हा घटक शिकविताना त्याच त्या चार कथा, त्यांची तीच वैशिष्ट्ये आणि लेखकाच्या जीवनातील तोच प्रसंग सांगण्याची रीत पडली, तर स्मरणरंजनाचे सर्वांत मोठे केंद्र दिवाळी अंक नव्हे, अभ्यासक्रमच ठरेल. ते टाळण्याचा मार्ग अवघड नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत' शिकविताना विद्यार्थ्याला तिची वैशिष्ट्ये लिहावयास सांगण्याऐवजी, आपल्या तालुक्यातील अशी कोणती हळहळ आहे की जिची कसोटी घेता येईल, असे विचारता येते. लघुप्रबंधासाठी एखाद्या लेखकाच्या समग्र विज्ञानकथांचा आढावा देण्याऐवजी, एकच संकेत पन्नास वर्षांत कोठे खूण झाला आणि कोठे प्रश्न राहिला, याचा शोध देता येतो. अशा शोधातून मराठी विज्ञानकथेच्या पुनरावृत्तीचा नेमका नकाशा हाती येईल. नव्या लेखकाला कोणत्या वाटेने पुन्हा जाण्याचे कारण उरलेले नाही, हे त्यावरून कळेल. आणि होटगीसारख्या किती गावांवर अद्याप एकही कथा लिहिली गेलेली नाही, हेही दिसेल.